दुसरा आणि चौथा शनिवार

अल्का पायरीपाशी चपला काढत होती, तेवढ्यात रिंकू आतून पाण्याचा गडवा घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेला, काठोकाठ भरलेला, पावलागणिक थोडा थोडा सांडत. तिनं तो पायरीवर नीट ठेवला, खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला आणि म्हणाली, "मम्मी, पाय धू ना. मग आत ये." बस्स, एवढंच झालं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. आठ वर्षांच्या पोरीनं उन्हातून आलेल्या माणसाला पाणी दिलं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? पण या सौंदड गावातच काय, सगळ्या मुलखात दारात पाहुणा आला की त्याच्यापुढे आधी पाण्याचा गडवा येतो. घरचं माणूस शेतातून येवो, बाजारातून येवो, चार दिवसांनी गावावरून येवो, ते आपलं आपण नळावर जातं आणि पायांवर पाणी घेतं. त्याच्यासाठी कुणी गडवा भरत नाही. अल्काला हे शिकवायची गरज नव्हती. याच घरात सून म्हणून राहिली तेव्हा असे किती गडवे तिनं भरले होते! आणि एवढं सगळं कळत असूनही ती मुकाट्यानं वाकली, गडवा उचलला आणि पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. सवय मेली. पुढ्यात पाणी ठेवलं की पाय आपोआप पुढे होतात. टॉवेलनं बोटांच्या बेचक्या पुसताना मग तिच्या ध्यानात आलं, आणि कानशिलं तापली. पाणी रांजणातलं होतं, गारढोण. पायांना बरं वाटत होतं याचाच तिला जास्त राग आला.

"मी नाई सांगतलं व तिले," आतून भागीरथेचा आवाज आला. भागीरथा म्हणजे रिंकूची आजी, अल्काची कधीकाळची सासू. "आपल्याच मनानं आनलन पोट्टीनं. मी म्हनलं बी, काऊन नेतं?" म्हणजे म्हातारीलाही समजलं होतं. ते एक बरं झालं आणि तेच वाईटही झालं. अल्का ओसरीत गेली. तिथं तिच्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असते, पंख्याखाली, महिन्याच्या दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. अकरा ते चार. गैरअर्जदाराच्या राहत्या घरी, मुलीला बाहेर न नेता. असं कोर्टाच्या हुकुमात लिहिलं आहे, आणि गैरअर्जदार म्हणजे राजदीप, तो त्या दिवशी सकाळीच आपलं मोबाइलचं दुकान उघडून बसतो आणि चार वाजून गेल्याशिवाय घरी येत नाही. घटस्फोट लवकर झाला. दोघांनाही तो हवा होता. सहा महिन्यांत सह्या झाल्या. अडलं ते पोरीपाशी. 'ताबा' हा शब्द अल्कानं तोवर शेताच्या बांधावरच्या भांडणांतच ऐकला होता. आता गेली चार वर्षं तो तिच्या पर्समध्ये असतो, घडी पडून फाटायला आलेल्या कागदांवर. आणि परवा सोमवारी त्याचा काय तो सोक्षमोक्ष लागायचा होता. सोमवारी न्यायाधीश मॅडम रिंकूला आपल्या खोलीत एकटीला बसवून विचारणार होत्या, तुला कोणाजवळ राहायचं आहे. मॅडमची मे महिन्यात बदली होती. जायच्या आधी निकाल देऊन जाईन, असं त्या मागच्या तारखेला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. म्हणजे चार वर्षांचं सगळं येऊन ठेपलं ते या पोरीच्या जिभेवर. आणि ती पोरगी आता टॉवेल दोरीवर वाळत घालत होती, टाचा उंचावून, दोन्ही टोकं जुळवत, घरच्या मोठ्या बाईसारखी.

रिंकूनं मग वह्या आणल्या. पेपर संपले होते, तरी ती वह्या दाखवते, कारण दर खेपेला वह्याच दाखवायच्या असतात. पाहुण्याला दुसरं दाखवणार तरी काय? अल्का पानं उलटत होती आणि अक्षर बघत नव्हती. ती पोरीचं तोंड बघत होती. मनात एक घाणेरडं मोजमाप चाललेलं असतं आणि ते तिला थांबवता येत नाही. आज पोरगी किती जवळ बसली? 'मम्मी' कितींदा म्हणाली? हसली तेव्हा माझ्याकडे बघून हसली की दाराआडून डोकावणाऱ्या आजीकडे? वॉर्डात पेशंटचा चार्ट भरतो तसं ती पोरीचं प्रेम भरत बसते, आणि मग स्वतःचीच किळस येते. तिचा वकील मुन्नालालजी, गोंदियाचा, पांढऱ्या मिशांचा, चहाच्या कपात बोट बुडवून माशी काढणारा माणूस, त्यानं आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं, "मॅडम, बच्ची को थोडा तैयार कर लो. सब करते हैं. सामनेवाले तो चौबीस घंटे कर रहे होंगे." अल्का तेव्हा ताठ मानेनं म्हणाली होती की मी माझ्या पोरीला पढवणार नाही. मोठी आली हरिश्चंद्राची! कारण आता वहीचं पान उलटता उलटता तिच्याच तोंडून निघून गेलं, "फुलचूरला माझी खोली आहे ना, तिच्यासमोर बगीचा आहे. झोपाळा पण आहे." झोपाळा नव्हता. बगीचाही नव्हता. एक रिकामा प्लॉट होता, त्यात बेशरमाची झुडपं आणि कुणाची तरी विटांची रास. रिंकूनं मान वर केली. "खरंच?" अल्का म्हणाली, "हो." रिंकू म्हणाली, "आजी म्हनते, सोमवारी मॅडम जे इचारन ते खरं खरं सांगजो. घाबरू नको. जे तुह्या मनात आहे तेच." म्हातारीनं पोरीला पढवलं असतं, 'आजीजवळ राहायचं म्हण' असं शिकवलं असतं, तर बरं झालं असतं. तर निदान लढता आलं असतं. खरं सांग, एवढंच म्हणून सोडून देण्याइतकी खात्री त्या बाईला कुठून आली?

चारला पाच मिनिटं कमी असताना ती उठली आणि स्टेशनावर आली. गाडी उशिरा होती. बाकावर बसायला जागा होती तरी ती उभीच राहिली, आणि उभ्या उभ्या तिला तो बांबू दिसायला लागला. हा बांबू तिला असा कुठंही दिसतो. औषधांच्या कपाटापुढे, भाजीवाल्याकडे, कोर्टाच्या जिन्यात. दोन हजार वीस सालचा एप्रिल. रिंकू तेव्हा तीन वर्षांची. अल्का सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, आणि ती, राजदीप, रिंकू तिघं गोंदियात भाड्यानं राहत होती. कोरोनाची ड्यूटी लागली तशी तिनंच ठरवलं की पोरीला सौंदडला आजीकडे ठेवायचं. चौदा दिवस. राजदीपही दुकान बंद म्हणून गावी गेला. चौदाचे अठ्ठावीस झाले, अठ्ठावीसाचे दोन महिने. एकदा जूनमध्ये तिला सात दिवस विलगीकरणात ठेवलं आणि रिपोर्ट चांगला आला, तेव्हा एका अँब्युलन्सवाल्याच्या हातापाया पडून ती सौंदडच्या वेशीपर्यंत गेली. वेशीवर पोरांनी रस्त्यात आडवा बांबू बांधला होता, हिरवा, ताजा तोडलेला. पलीकडे चार माणसं तोंडाला दुपट्टे बांधून बसली होती. त्यातला खेमराज तिच्या लग्नात पंक्ती वाढत होता. तो म्हणाला, "वहिनी, राग नका मानू. दवाखान्याचं मानूस आत नाई येऊ देत. ठराव झाला." ती म्हणाली, मी आत येत नाही, नुसती पोरगी दाखवा. मग सासरे यादोराव रिंकूला खांद्यावर बसवून घेऊन आले. बांबूपासून वीस पावलांवर थांबले. रिंकूनं आईला ओळखलंच नाही. मास्क, टोपी, त्यावर चष्मा. अल्कानं मास्क खाली ओढला तर खेमराज ओरडला, "वर करा, वर करा!" आणि ती, तिनं तो वर केला. लगेच केला. ड्यूटीवर शिकलेली शिस्त. रिंकू रडायला लागली नाही, तिनं हात पुढे केले नाहीत. तिनं आबाच्या खांद्यावरूनच एक पाय लांब केला आणि पायातली नवी चप्पल दाखवली. निळी. चप्पल वाजायची. यादोरावांनी तिचा पाय हलवून ती वाजवून दाखवली, पीं पीं, आणि बांबूपाशी बसलेली ती माणसं हसली, आणि अल्काही मास्कच्या आत हसली. मग अँब्युलन्सवाल्यानं हॉर्न दिला.

ती बांबू ओलांडून गेली असती तर काय झालं असतं? फार तर शिव्या खाल्ल्या असत्या. फार तर चौदा दिवस शाळेत कोंडलं असतं, पोरीला लांबून तरी रोज पाहिलं असतं. नोकरी? नोकरी काय, नोटीस आली असती. हे गणित तिनं हजारदा मांडलं आहे आणि हजारदा उत्तर एकच येतं की गेली असती तर चाललं असतं. आणि खरं सांगायचं तर, हे ती कुणाला सांगत नाही, त्या दिवशी अँब्युलन्समध्ये परत बसताना तिला बरं वाटलं होतं. वॉर्डात जायला बरं वाटलं होतं. तिथं तिला 'सिस्टर, सिस्टर' करत माणसं धरायची, तिच्या हाताखाली माणसं बरी होऊन उठून बसायची. घरी कोण विचारत होतं? राजदीप पगाराच्या दिवशी गोड बोलायचा आणि इतर दिवशी, "तुले काय, तू तं मोठी मॅडम." सप्टेंबरमध्ये ती सौंदडला घरी आली तेव्हा रिंकू आजीच्या कुशीशिवाय झोपत नव्हती. राजदीपनं गोंदियाला परतायचं नाव काढलं नाही, तिथली भाड्याची खोलीही सोडून दिली. गावातच दुकान टाकतो म्हणाला, आणि तू नोकरी सोड म्हणाला. पुढल्या मार्चमध्ये कशावरून तरी बोलणं वाढलं आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली, स्वयंपाकघरात, रिंकूसमोर. ती त्याच दुपारी निघाली. एकटी निघाली. डोक्यात साधा हिशेब होता की आधी खोली बघू, आठ दिवसांत पोरीला नेऊ. उघड्यावर कुठं ओढायचं लेकरू? गोंदियाजवळ फुलचूरला खोली मिळाली तोवर एप्रिल उजाडला आणि दुसरी लाट आली. मग कोण कुठलं लेकरू आणि कोण कुठली आई. जून संपता संपता ती पोरीला न्यायला गेली, तर राजदीप दारात आडवा हात लावून म्हणाला, "कोर्टातून घेऊन जा."

गाडी आली. डब्यात तेंदूपत्त्याच्या रिकाम्या पोत्यांचा आणि घामाचा वास कोंडला होता. अल्का खिडकीशी बसली आणि कपाळ गजांना टेकवलं. उन्हाळी धानाची शेतं हिरवीगार मागे पळत होती आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिला उलटतपासणीचा दिवस आठवत होता. काय दुर्बुद्धी झाली होती आपल्याला! मुन्नालालजींनी कागद मागितले होते, पगाराचे, खोलीच्या भाड्याचे, शाळा जवळ आहे याचे. ते सगळं देऊन झाल्यावर अल्कानं आपण होऊन आणखी एक कागद पुढे केला होता. सन्मानपत्र. कोरोना योद्धा. सव्वीस जानेवारीला मैदानावर मिळालेलं, सोनेरी किनारीचं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं. माहेरच्या भिंतीवर टांगलेलं होतं ते काढून आणलं. मुन्नालालजी म्हणाले होते, इसकी क्या जरूरत है. ती म्हणाली, लावा, कोर्टाला कळू द्या मी कशी बाई आहे. झालं. समोरचा वकील तरुण होता, अतिशय नम्र, कधी आवाज चढवला नाही त्यानं. त्यानं सन्मानपत्र दोन्ही हातांत धरलं, पूजेचं ताट धरावं तसं, आणि तिलाच वाचायला दिलं. "ताई, मोठ्यानं वाचता का? अभिमानाची गोष्ट आहे." तिनं वाचलं. "दिनांक सहा एप्रिल ते सहा सप्टेंबर, सलग एकशे चोपन्न दिवस, एकही रजा न घेता." "एकही रजा न घेता," तो हळूच म्हणाला. "रजेचा अर्ज केला होता का? नामंजूर झाला का?" नव्हता केला. "तुमच्यासोबतच्या ज्या सिस्टरची मुलं लहान होती, त्यांपैकी कुणी रजा घेतली?" घेतली होती. निर्मलाबाईंनी घेतली होती, दीड महिना, आणि त्यांना सगळ्यांनी नावं ठेवली होती. अल्कानं सगळ्यांत जास्त. "घेतली असेल," ती म्हणाली. "आणि मुलगी त्या वेळी किती वर्षांची?" "तीन." "तीन," तो म्हणाला, आणि कोर्टाकडे वळून नुसता थांबला. अल्काला ओरडून सांगायचं होतं की एकही रजा न घेता हे खोटं आहे, असल्या पत्रांत असंच लिहितात, सगळ्यांच्या पत्रांत तेच छापलं होतं. मी सात सात दिवस हॉस्टेलच्या खोलीत छताकडे बघत पडून होते. पण मग ते सात दिवस तरी तुम्ही कुठे होता, असं त्यानं विचारलं असतं. तिनं सन्मानपत्र परत त्याच्या हातात दिलं. कागदाला निशाणी क्रमांक पडला. आता तो तिच्या बाजूचा पुरावा म्हणून तिच्याच फायलीत आहे, कायमचा, सोनेरी किनारीसकट.

रविवार तिनं खोली आवरण्यात घालवला. फुलचूरच्या त्या दीड खोलीत आवरायला असतं काय? तरी तिनं रिंकूसाठी घेऊन ठेवलेली चादर धुतली, दोरीवर टाकली, तासाभरात वाळून कडक झाली तरी उन्हातच राहू दिली. मग खिडकीतून समोरच्या प्लॉटकडे बघत उभी राहिली. झोपाळा कुठं लावता येईल? लोखंडी पाइप, दोन साखळ्या. निकाल लागला की एका दिवसाचं काम. मालकाला विचारावं लागेल, पण विटा उचलेल तो, भला माणूस आहे. असं मनातल्या मनात तिनं तो झोपाळा लावलाही, आणि रिंकू त्याच्यावर बसली, आणि बसल्यावर तिनं विचारलं, "आजी कधी येईन?" अल्कानं खिडकी धाडकन लावून घेतली.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात पंखे गरम वारा फिरवत होते. अकरा वाजता पुकारा होणार होता. बाकावर राजदीप, भागीरथा आणि मधे रिंकू. नवा फ्रॉक, दोन वेण्या, तोंडावर पावडरीचा थर. भागीरथेनं नात कशी नटवली-सजवली आहे हे लांबूनच दिसत होतं. रिंकू आजीच्या दंडाला डोकं टेकून होती. अल्का जवळ गेली तसं रिंकूनं डोळे वर केले, आणि अल्काला पुढचं काही विचारावं लागलं नाही. सोळा वर्षं माणसांचे डोळे बघितलेली बाई ती. ते चकाकणारे डोळे, जड पापण्या, ओठांवरची पापुद्र्यासारखी कोरडी साल. तिनं उलटा हात पोरीच्या मानेला लावला. पावडरीखाली कातडी भाजत होती. एकशे दोन, जास्तच, कमी नाही. "कधीपासून?" ती ओरडलीच. भागीरथा गडबडली. "काल संध्याकारपासून. थोडं ऊन लागलं व. पन्हं पाजलं, कांदा लावला. सकारी तापाची गोरी बी देल्ली, तं उतरलं होतं." "आणि तरी आणली?" आता राजदीप उभा राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला. "नाई आनली असती तं तूच म्हनली असती ना, का पोरगी दडवून ठेवली! वकील म्हने, काही झालं तरी आना. मंग आम्ही काय करावं?" आणि यात खोटं काय होतं? ती तसंच म्हणाली असती. मुन्नालालजींनी लगेच अर्ज लिहिला असता आणि तिनं सही ठोकली असती.

मुन्नालालजींनी तिला खांबामागे नेलं. "मॅडम, ठंडे दिमाग से सोचो. आज नहीं हुआ तो मामला गया समझो. जज मॅडम का ट्रान्सफर है, फिर छुट्टियां, फिर नये साहब आयेंगे, वो पहले पन्ने से पढेंगे. साल भर तो कहीं नहीं गया. पांच मिनट की बात है. बच्ची बोल तो सकती है ना?" बोलू शकत होती. अल्काला पक्कं ठाऊक होतं की पाच मिनिटं काय, दहा मिनिटंही बोलू शकेल. एकशे तीन तापातही लेकरं बडबडतात. गोळीचा अंमल अजून होता. पाच मिनिटं त्या गार खोलीत बसायचं, मॅडम चॉकलेट देतील, एक प्रश्न विचारतील. आणि पोरगी खरं खरं सांगेल. जे मनात आहे तेच. अल्कानं व्हरांड्याच्या टोकाला असलेलं ते बंद दार पाहिलं आणि तिला रिंकूचं उत्तर ऐकू आलं, अगदी तिच्याच आवाजात, स्वच्छ, न घाबरता दिलेलं. आणि त्याच क्षणी तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. हातात अजून पोरीच्या मानेची धग होती आणि त्या धगीनं तिला हायसं वाटत होतं. देवा रे, हायसं! ताप होता म्हणून. तिनं घाईघाईनं दुसरं काही वाटून घ्यायचा प्रयत्न केला, काळजी, संताप, दया. सगळं होतंही, खोटं नव्हतं त्यातलं काही. पण ते सगळं मागून आलं. आधी हे आलं होतं.

पुकारा झाला. आत गेल्या गेल्या, मुन्नालालजी तोंड उघडायच्या आधी, अल्का म्हणाली, "मॅडम, माझ्या मुलीला ताप आहे. एकशे दोनच्या वर. आज तिला काही विचारू नका. घरी जाऊ द्या." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. थकलेल्या दिसत होत्या त्याही. टेबलावर फायलींची चळत, शेजारी पाण्याची बाटली. "तुम्हाला कल्पना आहे ना," त्या म्हणाल्या, "की माझ्याकडून मग हे होणार नाही?" अल्का म्हणाली, "हो." "विचार केला आहे?" "हो, मॅडम." मॅडमचा आवाज मऊ झाला. "बरोबर आहे तुमचं. आधी लेकरू." समोरचा नम्र वकीलसुद्धा मान हलवत होता. बाहेर आल्यावर भागीरथेनं अल्काचा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हातारीचे डोळे भरून आले होते. "माय होय ना शेवटी," ती म्हणाली. "मायलेच समजते. मी आपल्या डोऱ्यानं पायलं आज. मी सांगीन राजदीपले." अल्काला वाटलं, हिनं आत्ता आपल्या थोबाडीत मारली असती तर सोपं झालं असतं. तिनं हात सोडवून घेतला, रिंकूला दर चार तासांनी किती औषध द्यायचं ते कागदावर लिहून दिलं, ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं ते सांगितलं, नर्स सांगते तसं, दोनदा. रिंकू राजदीपच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटून होती. ती तिघं जिना उतरून गेली.

कारकुनानं रोजनामा, आजच्या कामाची नोंद, पुढे सरकवला. "इथं सही करा ताई." अल्कानं वाचलं. बालिकेची मुलाखत अर्जदाराच्या विनंतीवरून तहकूब. गैरअर्जदाराची हरकत नाही. पुढील तारीख सोळा जून. मुन्नालालजी खांद्यावरून वाकून वाचत होते, त्यांनी एकदम कारकुनाचा हात धरला. "रुको रुको. मॅडम, ये ऐसा मत रहने दो. मैं अंदर जाके बोलता हूँ, 'बच्ची की बीमारी के कारण' लिखवा लेते हैं. नहीं तो कल को यही कागद निकालेगा सामनेवाला. बोलेगा, खुद ने टाला." कारकून पेन उचलून थांबला. दोन शब्दांचं काम होतं. मॅडम अजून आतच होत्या आणि हो म्हणाल्या असत्या.

"राहू द्या," अल्का म्हणाली. "बरोबर लिहिलं आहे." आणि तिनं सही केली.